घोड्याच्या पाठीचे ऑपरेशन करावे का?

प्रश्न : आम्ही इंदूरला लोकमान्यनगरात राहतो. माझी सतरा वर्षांची मुलगी ड्रेसाज (घोड्याकडून ठरावीक चाली व हालचाली करून दाखवण्याची घोडेस्वारी) शिकते. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिच्यासाठी रेसमधून निवृत्त झालेला एक थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा) घोडा घेतला; खोगीरही त्याच्याबरोबरच घेतले. रंगाने कुमाईत, खच्ची केलेला, वय अकरा वर्षे, स्वभावाने अगदी गरीब. गेल्या सहा महिन्यांपासून मात्र तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना तो कान मागे पाडतो, खरारा करताना पाठ चोरतो आणि दुडकीवरून कँटरवर (संथ दौडीवर) जाताना दुगाण्या झाडतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलगी पडली; सुदैवाने मुक्या मारावर निभावले. शिकवणारे सर म्हणतात की घोडा वांड झाला आहे, त्याला चाबकाचा धाक हवा. एक्स-रेत चौदाव्या ते सतराव्या मणक्यांची वरची हाडे एकमेकांना टेकलेली दिसली. एका डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले, दुसऱ्यांनी इंजेक्शने. माझे दीर म्हणतात, विकून टाका. ऑपरेशन करावे का? केल्यावर त्याच्यावर पुन्हा बसता येईल का? आणि आमच्यामुळेच त्याची पाठ गेली का, हे मुलगी रोज विचारते, तिला काय सांगू? — एक वाचक

उत्तर : ताई, सप्रेम नमस्कार.

आपण पाठवलेले एक्स-रे मी दोनदा पाहिले, आणि मुलीच्या मैत्रिणीने मोबाइलवर घेतलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ त्याहून कितीतरी अधिक वेळा पाहिला. आपल्या मुख्य प्रश्नाचे उत्तर आधीच देतो. ऑपरेशनला माझा विरोध नाही; योग्य घोड्यात ते फार चांगला गुण देते. परंतु आज आपल्या हाती जेवढी माहिती आहे तेवढ्यावर ते करू नये, कारण एका सकाळी होण्यासारखी एक चाचणी राहून गेली आहे आणि हा सारा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. ती कोणती आणि का, हे नीट समजावे म्हणून थोडे मुळापासून सांगतो.

घोड्याच्या पाठीत छातीचे १८ आणि कमरेचे ६ मणके असतात. प्रत्येक मणक्यातून एक चपटे, उभे हाड वर निघालेले असते. त्याला आपण सोयीसाठी मणक्याचा काटा म्हणू. आयाळ जिथे संपते तिथला खांद्यावरचा उंचवटा म्हणजे याच काट्यांतले सर्वांत लांब काटे होत. पुढच्या मणक्यांचे काटे शेपटीकडे झुकलेले असतात, कमरेकडचे डोक्याकडे झुकलेले असतात, आणि पंधराव्या-सोळाव्या मणक्याच्या आसपास ही दिशा बदलते. त्यामुळे दाटी होते ती नेमकी तेथेच, आणि खोगीर बसते तेही तेथेच. सर्व काट्यांच्या टोकांवरून एक लांब, चिवट अस्थिबंध (हाडांना जोडणारा पट्टा) दोरासारखा गेलेला असतो आणि दर दोन काट्यांच्या मधली जागा आखूड अस्थिबंधाने भरलेली असते. ही मधली जागा साधारणपणे चार मिलिमीटरहून अधिक असावी. ती कमी झाली, काटे एकमेकांना टेकले, त्यांच्या कडा घासून कठीण झाल्या किंवा तेथे हाडात लहान पोकळ्या पडल्या, म्हणजे त्या अवस्थेला डॉक्टर मंडळी ‘किसिंग स्पाइन’ म्हणतात. आपल्या घोड्याच्या एक्स-रेत अशा तीन जागा आहेत, आणि पंधरा-सोळाच्या मधली सर्वांत वाईट आहे. इथपर्यंत दोन्ही डॉक्टरांचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

अडचण पुढे आहे. काटे टेकलेले असणे आणि घोड्याची पाठ दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्यांची पाठ कधीही दुखली नाही, जे रोज तासभर आनंदाने काम करतात, अशा अनेक घोड्यांच्या एक्स-रेतही टेकलेले काटे सापडतात. थरोब्रेड घोड्यांत तर ते विशेष सापडतात. म्हणून एक्स-रे आपल्याला एवढेच सांगतो की येथे दुखत असू शकेल. दुखते आहे, असे तो सांगू शकत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात माझ्याकडे एक राखाडी घोडी आली होती. लक्षणे जवळजवळ आपल्या घोड्याचीच होती, एक्स-रेत दोन काटे टेकलेले होते, आणि मी मालकांना ऑपरेशन करून घेण्याचा सल्ला दिला. ऑपरेशन निर्वेध पार पडले, जखम स्वच्छ भरली, चार महिने तिला सांभाळून चालवले, आणि खोगीर घातल्याच्या पहिल्याच आठवड्यात ती पूर्वीसारखीच पाठ ताणून, दोन्ही मागचे पाय एकदम टाकत पळू लागली. तिचे खरे दुखणे मागच्या दोन्ही पायांच्या हॉक म्हणजे घोट्यासारख्या मधल्या सांध्यांत होते. दोन्ही पाय सारखेच दुखत असल्यामुळे ती लंगडताना दिसत नव्हती. पाय पोटाखाली घेणे टाळण्यासाठी पाठ ताठ धरत होती, आणि म्हणून पाठ दुखत होती. मालकांनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. पण त्या घोडीला माझ्या घाईमुळे सोसावे लागले, हे मी विसरलेलो नाही, आणि आपल्याला एवढे लांबलचक उत्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

तेव्हा ती राहिलेली चाचणी अशी. आधी घोड्याला नेहमीच्या खोगिरासह नेहमीचे काम द्यायचे आणि त्याचे बाजूने व मागून चित्रण करायचे. मग डॉक्टर त्या तीन संशयित जागांवरचे केस कापून, कातडी निर्जंतुक करून, प्रत्येक फटीत जागा बधिर करणारे औषध टोचतात. पंधरा-वीस मिनिटे थांबायचे आणि तेच काम, त्याच मैदानावर, त्याच स्वाराकडून पुन्हा करून घ्यायचे. दुखणे त्या काट्यांमधलेच असेल तर फरक पाहण्यासाठी तज्ज्ञाची गरज उरत नाही. महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना मी ही चाचणी प्रथम पाहिली. मैदानाच्या एका कोपऱ्यात येताच जी घोडी दर फेरीला शेपटी आपटून मागचे पाय झाडत होती, ती इंजेक्शननंतर त्याच कोपऱ्यातून मान खाली सोडून, नाकाने फुरफुरत, सरळ निघून गेली; तिचा म्हातारा मोतद्दार कठड्यावरून खाली उतरला आणि काही न बोलता पुढच्या तीन फेऱ्या तिच्याबरोबर आतल्या बाजूने चालत राहिला. एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. निरोगी घोड्यालाही अशी इंजेक्शने दिली तर पाठीची हालचाल थोडीशी मोकळी होते. म्हणून ‘किंचित बरे वाटते’ अशा निकालावर ऑपरेशन ठरवू नये. फरक ठसठशीत दिसला पाहिजे. आणि या दिवशी आपल्या मुलीला घोड्यावर बसवू नका. अनुभवी, मोठ्या वयाच्या स्वाराला बसवा. तसा कोणी नसेल तर खोगीर घालून लांब दोरीवर गोल फिरवूनही बरेच कळते.

चाचणीच्या आधी, किंवा त्याच दिवशी, आणखी काही गोष्टी तपासून घेणे आवश्यक आहे. मागच्या पायांची लंगड सरळ रेषेत, कठीण जमिनीवर आणि सांधे वाकवून पाहावी. त्या राखाडी घोडीनंतर मी याला प्रथम स्थान देतो. काट्यांच्या टोकांवरून जाणारा लांब अस्थिबंध सोनोग्राफीत पाहावा. दात व तोंड पाहावे, कारण लगामाने तोंड दुखणारा घोडाही मान वर करून पाठ खोल करतो. तंग आवळताना कान पाडणे हे पोटातल्या व्रणांचेही लक्षण असते, आणि रेसमधून आलेल्या, भरपूर चंदी (दाणा) व थोडा चारा खाणाऱ्या घोड्यांत हे व्रण पुष्कळ आढळतात. आपल्या घोड्याच्या खाण्याबद्दल पत्रात काहीच नाही. डॉक्टरांना ते आपणहून सविस्तर सांगा.

आणि खोगीर. आपण ते घोड्याबरोबरच विकत घेतले, असे लिहिले आहे. म्हणजे घोडा रेसच्या अंगकाठीचा, रोड असताना जे त्याला बसत होते तेच आजही घातले जात आहे. वीस मिनिटे काम करून घेऊन खोगीर आणि नमदा (खोगिराखालची गादी) उतरवा आणि घामाचे डाग पाहा. सगळीकडे ओले असताना मणक्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे कोरडे ठिपके राहिले असतील, तर तेथे दाब अधिक पडतो आहे, असा संशय घ्यावा. व्हिडिओत मला खोगीर मागच्या बाजूला खाली बसल्यासारखे वाटले. आतली भरती दबून गेली असण्याचा संभव आहे. मागे बसून गेलेल्या खोगिरात स्वाराचे सगळे वजन शेवटच्या काही छातीच्या मणक्यांवर येते, आणि आपल्या घोड्याच्या त्या तीन जागा तेथेच आहेत. भरती नव्याने करून घेण्यास ऑपरेशनच्या तुलनेत काहीच खर्च येत नाही. ते काम चाचणीची वाट न पाहता करा.

शिकवणाऱ्या सरांविषयी थोडे स्पष्ट लिहितो. घोडा वांड झाला, हे निदान मला मान्य नाही. दीड वर्ष गरिबाने वागलेला प्राणी सहा महिन्यांत खोडकर होत नाही. तो दुखते आहे असे सांगत असतो, आणि त्याच्याजवळ सांगण्याची जी साधने आहेत त्यांनीच सांगतो. ब्रिटनमधील पशुवैद्य सू डायसन यांनी २०१८ साली सवारीखालच्या घोड्याच्या २४ वर्तनांची एक यादी प्रसिद्ध केली: कान मागे पाडणे, शेपटी वारंवार आपटणे, तोंड उघडे ठेवणे, डोळ्याचे पांढरे दिसणे, चाल आपोआप बदलणे, पुढे जाण्यास नकार देणे अशी. त्यांतली आठ किंवा अधिक वर्तने एका सवारीत दिसली तर हाडे, सांधे किंवा स्नायू यांत कोठेतरी वेदना असण्याचा संभव बराच असतो. आपल्या दीड मिनिटांच्या व्हिडिओत मी दहा मोजली. अशा घोड्याला चाबूक मारल्यास तो दुखण्याबरोबर भीतीही लक्षात ठेवतो, आणि पाठ बरी झाल्यावरही ती भीती मागे उरते. ऑपरेशननंतर ‘गुण आला नाही’ अशी जी तक्रार येते, तिच्यात मला वाटते या आठवणीचा वाटा मोठा असतो. चाचणी होईपर्यंत सवारी बंद ठेवा, हे सरांना आपण स्वतः, शांतपणे आणि ठामपणे सांगा. ते काम मुलीवर सोडू नका, कारण शिष्याला गुरूपुढे ते जमत नाही.

आता उपचार. चाचणीत दुखणे त्या काट्यांमधले ठरले, तर पहिली पायरी बहुधा इंजेक्शनांची असते. दुखऱ्या फटींत स्टेरॉइड टोचतात, त्याने सूज व वेदना उतरते, आणि त्या मोकळ्या काळात व्यायामाने पाठीचे स्नायू उभे करायचे असतात. इंजेक्शन घेऊन घोड्याला लगेच पूर्वीच्याच कामाला जुंपले, तर औषध संपताच दुखणे परत येते, आणि मग लोक औषधाला नावे ठेवतात. स्टेरॉइडमुळे खुरांच्या आतल्या भागाला सूज येण्याचा धोका काही घोड्यांत असतो. पूर्वी कधी तसे झाले असेल तर ते डॉक्टरांपासून लपवू नका. येथेच एक विनंती. तबेल्यात कोणी ‘माणसाचे’ डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचायला निघाले तर थांबवा. ते दिलेल्या जनावरांची मढी खाऊन झालेल्या गिधाडांच्या संहारामुळे आपल्या देशात जनावरांसाठी ते २००६ पासून बंद आहे, आणि वेदना दाबून घोड्याला कामाला लावण्यासाठी ते वापरणे तर दुहेरी चूक आहे.

ऑपरेशनचे मुख्यतः दोन प्रकार आहेत, आणि आपल्या डॉक्टरांनी कोणता सुचवला आहे हे पत्रावरून कळले नाही. ते विचारून घ्या. जुन्या प्रकारात टेकलेल्या काट्यांपैकी एकाआड एक काट्याचा वरचा भाग कापून काढतात, म्हणजे उरलेल्यांना घासायला समोर काही राहत नाही. ही शस्त्रक्रिया १९६० च्या दशकापासून होत आली आहे. पूर्वी ती घोड्याला आडवे पाडून, पूर्ण भूल देऊन करीत. २००० नंतरच्या दशकात ती गुंगीचे औषध आणि जागेवरची भूल देऊन उभ्या घोड्यावरही होऊ लागली. हा बदल मोठा आहे. पूर्ण भुलीखालून उठताना पाचशे किलोचा प्राणी धडपडतो, पाय मोडून घेतो. मोठ्या पाहण्यांत, पोटशूळासाठी केलेली ऑपरेशने वगळूनही, भुलीशी संबंधित मृत्यूंचे प्रमाण दर हजारी सहा ते नऊ इतके आढळले आहे. उभ्याने केल्यास ही धडपडच टळते.

दुसऱ्या, नव्या प्रकारात हाडाला हात लावत नाहीत. काट्यांच्या बाजूने जेमतेम एक सेंटिमीटरचा छेद घेऊन त्यातून मजबूत कात्री आत सरकवतात आणि दोन काट्यांना बांधून ठेवणारा आखूड अस्थिबंध तेवढा कापतात. हा अस्थिबंध जेथे हाडाला चिकटतो तेथील ताण हेच वेदनेचे मोठे कारण असावे, असा यामागचा विचार आहे. कूमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यांच्या अभ्यासात ज्या ३७ घोड्यांवर ती झाली त्यांपैकी ३५ घोड्यांची पाठदुखी गेली. केवळ इंजेक्शने व व्यायाम यांवर ठेवलेल्या ३८ घोड्यांपैकी ३४ सुरुवातीला सुधारले, पण तो गुण पुढे टिकला तो १६ घोड्यांतच. हाड कापण्याच्या पद्धतीचा मोठा अभ्यास वॉल्म्सली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली मांडला. त्यात २१५ घोडे होते आणि शेकडा ७२ घोडे पुन्हा पूर्ण कामावर आले. हे आकडे आशा देणारे आहेत, आणि आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यांत आहे: होय, बहुतेक घोड्यांवर पुन्हा बसता येते. मात्र अशा अभ्यासांत ‘घोडा बरा झाला’ हे पुष्कळदा मालकांनीच सांगितलेले असते, आणि ऑपरेशनसाठी घोडे निवडून घेतलेले असतात. निवड म्हणजे वर सांगितलेली तपासणी. ती न करता त्या आकड्यांची अपेक्षा धरणे न्याय्य नाही.

माझे मत विचाराल तर: चाचणीत फरक ठसठशीत आला, पाय निर्दोष निघाले, आणि इंजेक्शन व तीन-चार महिन्यांचा प्रामाणिक व्यायाम देऊनही दुखणे परतले, तर अस्थिबंध कापण्याचे ऑपरेशन करावे. काटे एकमेकांवर चढलेले असतील आणि हाडात मोठे बदल असतील, तर काही शल्यविशारद सरळ हाड कापणेच पसंत करतात. आपल्या घोड्यात पंधरा-सोळाच्या जागेबद्दल हा प्रश्न निघू शकतो, आणि त्याचा निर्णय एक्स-रे समोर ठेवून शल्यविशारदानेच करायचा. त्यांना संकोच न करता विचारा, की हेच ऑपरेशन आपण स्वतः किती घोड्यांवर केले आहे, त्यांतले किती घोडे एक वर्षानंतर कामावर होते, आणि नंतरच्या व्यायामाचा लेखी आराखडा आपण द्याल का. शेवटच्या प्रश्नाला ‘दोन महिने विश्रांती द्या, मग बसा’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसरा शल्यविशारद शोधावा.

ऑपरेशन ठरलेच, तर ते थंडीत करावे. आपल्या माळव्यात पावसाळ्यात माश्यांचा सुळसुळाट असतो आणि काळी माती इतकी निसरडी होते की नुकताच बरा होणारा घोडा चालवणेही धोक्याचे. धनुर्वाताची लस आधीच पूर्ण झालेली हवी. घोड्याइतका या रोगाला हळवा प्राणी क्वचितच असेल. गुंगीच्या औषधाने आतड्यांची हालचाल मंदावते, म्हणून पहिले दोन दिवस लीद किती वेळा पडली हे मोतद्दाराने पाटीवर खडूने लिहावे, आणि ती थांबली तर रात्र असली तरी डॉक्टरांना उठवावे. जखमेला सूज येणे, क्वचित पू होणे, पुढे त्या जागी पांढरे केस येणे किंवा पाठीच्या रेषेत खळगा दिसणे, हे होऊ शकते. शेवटच्या दोन गोष्टींनी घोड्याचे काही बिघडत नाही.

खरे काम टाके निघाल्यावर, म्हणजे साधारण दोन आठवड्यांनी सुरू होते. आधी हाताने धरून चालवणे, दिवसाला दहा मिनिटांपासून वाढवत. मग लांब दोरीवर, मान खाली आणि पुढे सोडून, पाठ वर उचलायला शिकवणारे काम. मग जमिनीवर ठेवलेल्या बांबूंवरून सावकाश चालणे, हलक्या चढणीवर चालणे. अस्थिबंध कापलेल्या घोड्यावर साधारण सहा आठवड्यांनी आणि हाड कापलेल्या घोड्यावर साधारण तीन महिन्यांनी स्वार बसवण्याचा विचार होतो, पण कॅलेंडर पाहून बसू नये. मणक्याच्या दोन्ही बाजूंचे खोलगट स्नायू भरून आले आहेत का, हे हाताने पाहून बसावे. वेदना गेली तरी तिच्यामुळे सुकलेला स्नायू आपोआप परत येत नाही. ज्या घोड्यांचे ऑपरेशन झाल्यावर पुन्हा दुखणे सुरू झाले, त्यांपैकी अनेकांच्या बाबतीत मला ऑपरेशनमध्ये काही खोट दिसली नाही. मधले तीन-चार महिने कोणी दिले नव्हते, एवढेच दिसले. म्हणून घरात आधी हे ठरवा की मुलीच्या बारावीच्या वर्षात रोजचा तास-दीड तास कोण देणार. तो देता येणार नसेल, तर ऑपरेशन पुढे ढकला आणि घोड्याला सवारीशिवाय ठेवा. त्यात त्याचे नुकसान नाही.

मुलीला काय सांगावे, हे आपण विचारले आहे. तिला सांगा की उत्तर अमेरिकेत नामशेष झालेल्या, ज्यांच्या पाठीवर कधीही माणूस बसला नव्हता अशा घोड्यांच्या सांगाड्यांतही टेकलेले काटे सापडले आहेत. ही त्या प्राण्याच्या शरीररचनेतलीच एक कमकुवत जागा आहे. शिवाय हा घोडा आपल्याकडे आला तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि रेसचे घोडे दोन-अडीच वर्षांच्या वयापासूनच पळू लागतात. एक्स-रेत दिसणारे हाडातले बदल सहा महिन्यांत होत नाहीत. खोगिराकडे लक्ष द्यायला हवे होते, हे खरे. पण ते तिच्यापेक्षा आपण मोठ्यांनी द्यायला हवे होते. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात आपल्या इंदूरच्या सुदीप्ती हजेला होत्या, आणि त्यानंतर घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरून मला येणारी पत्रे वाढली आहेत. रेसमधून उतरलेला घोडा तुलनेने स्वस्त मिळतो म्हणून अनेक कुटुंबे तो घेतात, पण घेण्यापूर्वी पाठीचा एक्स-रे काढून घेतलेला मी फार थोड्या पत्रांत वाचला आहे. (वरातीच्या घोडीच्या पाठीचा एक्स-रे तर कोणीच काढत नाही. लग्नसराईत तिच्यावर जे ओझे आणि जसे जीन येते, ते पाहून मला दरवर्षी वाईट वाटते. पण तो विषय स्वतंत्रपणे घेईन.)

आपल्या दिरांचा सल्ला वाईट हेतूचा नाही. मुलगी पडली, हे त्यांना दिसते आहे. पण आज हा घोडा विकायचा म्हणजे एकतर दुखणे सांगून विकायचा, आणि मग घेणारा त्याला कोणत्या कामाला जुंपेल याचा विचार करावा लागेल. नाहीतर न सांगता विकायचा, आणि मग पुढच्या घरची मुलगी पडेल. चाचणी होऊन दुखणे कोठे आहे हे कळल्यावर, सर्व कागद सोबत देऊन, सवारी न करता सांभाळणाऱ्या माणसाला तो देणे, हा सन्मानाचा मार्ग आहे आणि तो नंतरही मोकळाच राहील.

मुलीला आजपासून करण्यासारखे एक काम आहे. डॉक्टरांना एकदा फोनवर विचारून घ्या. बहुधा ते हरकत घेणार नाहीत. घोड्याला सपाट जागी, चारही पायांवर सारखा उभा करून, गाजर दाखवत त्याची हनुवटी आधी छातीशी, मग पुढच्या दोन पायांच्या मधे खाली, मग एका कुशीकडे आणि नंतर दुसऱ्या कुशीकडे हळूहळू न्यायची, तेथे काही क्षण थांबवायची आणि गाजर द्यायचे. प्रत्येक दिशेला पाच वेळा, आठवड्यातून पाच दिवस. आठ घोड्यांकडून तीन महिने असा व्यायाम करून घेतल्यावर मणक्यालगतचा खोल स्नायू जाड झालेला सोनोग्राफीत मोजला गेला आहे. ऑपरेशन होवो किंवा न होवो, हा स्नायू त्याला लागणारच आहे. पहिल्या दिवशी तो कुशीपर्यंत पोहोचणार नाही, मधेच पाय उचलून वळेल; तेव्हा ओढू नये, जेथपर्यंत आला तेथेच गाजर द्यावे, आणि तो किती वळला याची खूण तिने वहीत लिहून ठेवावी. चाचणीच्या दिवशी ती वही डॉक्टरांना दाखवा. डावीकडे आणि उजवीकडे फरक दिसला, तर त्यांना तपासणी कोठून सुरू करायची हे कळेल.